व्हिडिओ बघून एसी दुरुस्ती: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी मार्क, मग कारणं. इलेक्ट्रिकल भाग व्हिडिओवरून शिकण्याला दहापैकी आठ. फिल्टर, ब्लोअर, कॉइल, ड्रेन या धुलाईच्या कामालाही आठ. गॅसच्या कामाला चार. ब्रेझिंगला (टॉर्चने तापवून तांब्याचे जोड देणं) दोन, तेही मन मोठं करून.

वापर असा झाला: ऑक्टोबर हीटपासून पुढच्या जुलैपर्यंत, आठवड्याला पाच-सहा तास व्हिडिओ आणि त्याच आठवड्यात तेच काम हाताने. सरावाला तीन यंत्रं (आर-22 आणि आर-32 ही आतल्या गार करणाऱ्या गॅसांची नावं, पहिला जुना, दुसरा नवा): आर-22 चा जुना दीड टनी स्प्लिट, आर-32 चा दीड टनी इन्व्हर्टर आणि भंगारातला एक विंडो. शेवटचा सगळ्यात कामाचा, कारण तो बिघडला तर कुणी ओरडत नाही.

मुख्य तक्रार एकच आहे आणि ती जवळजवळ सगळ्या व्हिडिओंना लागू होते. वेळ कापलेला असतो. पंप लावला, कट, "व्हॅक्युम हो गया". नायट्रोजन भरला, कट, "लीक नाही". गॅस सोडला, कट, ग्रिलला थर्मामीटर. त्या कापलेल्या पाऊण तासात काय बघायचं, काटा कसा हलला तर कशाचा संशय घ्यायचा, हेच खरं शिकायचं असतं आणि तेच दिसत नाही.

व्हॅक्युमचंच घ्या, म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढणं. पाच मीटर पाइप असलेल्या दीड टनी स्प्लिटला किमान 30 मिनिटं पंप चालायला हवा; पावसाळ्यात लाइन उघडी राहिली असेल तर 45 ते 60. डिजिटल मायक्रॉन गेजवर (खोल व्हॅक्युम मोजणारा; आकडा जितका कमी तितका व्हॅक्युम चांगला) 500 च्या खाली आलं की पंपाकडचा वॉल्व बंद करून दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. आकडा वर चढून हजाराच्या आसपास थांबला तर आत ओल आहे, पंप पुन्हा लावा. न थांबता चढतच राहिला तर लीक आहे, पंप कितीही चालवा, उपयोग शून्य. जुन्या हिंदी व्हिडिओंत सर्रास दिसतं ते "गॅस मारून हवा काढणं" आर-22 च्या काळात कसंबसं खपून जायचं. आर-32 च्या कॉम्प्रेसरमधलं सिंथेटिक तेल ओल शोषून घेतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि वायंडिंग जातं. लगेच नाही, सीझन-दोन सीझननंतर. तोवर व्हिडिओला लाखभर लाइक्स झालेले असतात.

पुण्यात व्हॅक्युमची आणखी एक गंमत आहे, ती मुंबईच्या किंवा परदेशी व्हिडिओत सापडणार नाही. तिथे काट्याच्या गेजवर व्हॅक्युम जवळजवळ 30 इंचांवर टेकलेला दाखवतात. इथे तो 28 च्या आसपास थांबतो. नवशिका पंप बदलतो, होज बदलतो, गेजला शिव्या घालतो. दोष कशातच नसतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, त्यामुळे इथल्या हवेचा दाबच पाऱ्याच्या 28 इंचांच्या आसपास भरतो. तेवढाच काढता येतो. गॅसचा दाब वाचताना हा फरक जेमतेम 1 पीएसआयचा, तिथे खुशाल विसरा. आणि 28 दिसले म्हणजे व्हॅक्युम पूर्ण झाला असंही नाही. त्या काट्याला 500 मायक्रॉन आणि 5000 मायक्रॉन यांतला फरक कळतच नाही.

नायट्रोजनची टेस्टही अशीच. रेग्युलेटरशिवाय सिलिंडरला हात लावायचा नाही. आउटडोअरचे वॉल्व बंद ठेवून पाइप आणि इनडोअरमध्ये 400 पीएसआय भरून रात्रभर सोडायचं. फेब्रुवारीत दुपारी 32 अंशांना 400 वर लावलेला काटा पहाटे 12 अंशांना 373 वर दिसला तर घाबरू नका, थंडीने दाब तेवढा उतरतोच. त्याखाली गेला तर साबणाचं पाणी घेऊन फ्लेअरपासून (पाइपचं तोंड फुलवून नटाने आवळलेला जोड) सुरुवात. काही व्हिडिओंत नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरताना दाखवलंय. ते बघताक्षणी चॅनेल बंद करा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, यात "जरासाच भरला" वगैरे काही नसतं.

आता अमेरिकन व्हिडिओंबद्दल. शिकवण्याची पद्धत त्यांची सगळ्यात चांगली, पण निम्मा मजकूर गॅसच्या भट्टीचा, डक्टचा आणि 24 व्होल्टच्या थर्मोस्टॅटचा. पुण्याच्या टू-बीएचकेत यातलं काही नाही. हीटिंग म्हणजे इथे फार तर हॉट अँड कोल्ड स्प्लिटमधला रिव्हर्सिंग वॉल्व (गॅसची दिशा उलटवणारा). तो भाग सरळ ओलांडा. दोन गोष्टी मात्र जिवावर बेतू शकतात किंवा खिशाला लागू शकतात. त्यांच्याकडे काळी वायर म्हणजे फेज. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल आणि लाल फेज. रंगावर विसंबू नका, टेस्टर लावा. दुसरी गोष्ट कॅपॅसिटरच्या (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारा भाग) गणिताची. चालू यंत्रावर कॅपॅसिटर तपासताना ते स्टार्ट वायरच्या अँपिअरला 2652 ने गुणून कॅपॅसिटरवरच्या व्होल्टेजने भागतात. तो आकडा 60 हर्ट्झचा. आपल्या 50 हर्ट्झला 3183 घ्यायचा. समजा 5.2 अँपिअर आणि 335 व्होल्ट मिळाले: 3183 ने उत्तर 49.4 मायक्रोफॅरड, म्हणजे 50 चा कॅपॅसिटर ठणठणीत. 2652 ने 41.2, म्हणजे चांगला कॅपॅसिटर कचऱ्यात.

कॅपॅसिटरवर जरा थांबू, कारण साध्या स्प्लिटच्या उन्हाळी तक्रारींत हाच वारंवार निघतो. लक्षण ठरलेलं: आउटडोअरचा पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर हूं करून आठ-दहा सेकंदांत गप्प, क्लॅम्प मीटरवर त्या वेळात 30 अँपिअरच्या वर. सुटा तपासताना आधी डिस्चार्ज करा, स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे तर रेझिस्टरने किंवा बल्बने. 50 चा असेल तर 47.5 ते 52.5 च्या बाहेर गेला की बदला. व्होल्टेज रेटिंग 440 च घ्या, कमीचं नको. तो चांगला निघाला तर कॉम्प्रेसरच्या तिन्ही टोकांमधला रेझिस्टन्स मोजा: कॉमन-रन सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त, रन-स्टार्ट या दोघांची बेरीज. बेरीज जुळत नसेल तर वायंडिंगमध्ये गडबड आहे. कॉम्प्रेसर तापलेला असताना कॉमन उघडा (सर्किट तुटलेलं) दिसला तर लगेच निकाल देऊ नका, आतला ओव्हरलोड (तापल्यावर सर्किट तोडणारा स्विच) सुटलेला असू शकतो. दोन तास थंड होऊ द्या. हा सगळा भाग व्हिडिओत सुरेख कळतो, कारण मीटरचा आकडा स्क्रीनवर जसा दिसतो तसाच हातात दिसतो.

इन्व्हर्टरला हे गणित नाही. तिथे यू, व्ही, डब्ल्यू या तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स सारखा यायला हवा. बोर्डाला हात लावण्याआधी एमसीबी पाडा, काही मिनिटं थांबा आणि मोठ्या कॅपॅसिटरवरचं डीसी व्होल्टेज मोजून शून्याजवळ आल्याची खात्री करा. चालू असताना तिथे 320 च्या वर असतं. कम्युनिकेशनचा एरर आला की व्हिडिओवाले थेट पीसीबी बदलतात. त्याआधी इनडोअर-आउटडोअरमधली सिग्नल वायर सलग आहे का, मध्ये कुणी टेप गुंडाळून जोड दिलाय का, हे बघा. आणि पाल. आउटडोअरच्या बोर्डावर चिकटून मेलेली पाल हा आपल्याकडचा रीतसर बिघाड आहे, कुठल्याही एरर कोडच्या यादीत नसला तरी.

सेन्सरचा आकडा लक्षात ठेवायला सोपा: बऱ्याच मॉडेलांत 25 अंशांना 10 किलोओहम, मुठीत धरून गरम केला की कमी व्हायला हवा. काही कंपन्यांचा वेगळा असतो, सर्व्हिस मॅन्युअल बघा.

गॅसकडे परत येऊ. "सक्शन 60-70 ठेवा" हे वाक्य शेकडो व्हिडिओंत आहे आणि ते फक्त आर-22 चं आहे. आर-22 ला 70 पीएसआय म्हणजे कॉइल साधारण 5 अंशांवर. आर-32 ला तेच 5 अंश 125 पीएसआयच्या आसपास येतात. आर-32 मध्ये 70 दिसत असेल तर कॉइल उणे 10 वर आहे, म्हणजे बर्फ धरणारच. उलट आर-22 मध्ये 125 पर्यंत भरलात तर कॉइल 22 अंशांवर, गार हवा विसरा, वर द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये. सुपरहीट (कॉइलच्या तापमानापेक्षा जाड पाइप किती अंश गरम आहे) समजायला अमेरिकन व्हिडिओच बघा: आर-32 चा दाब 125, म्हणजे 5 अंश, जाड पाइपवर क्लिप थर्मामीटर 12 दाखवतो, सुपरहीट 7, ठीक. पण इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, म्हणून दाब बघून भरणं तिथे अंदाजपंचे काम. पूर्ण रिकामा करा, व्हॅक्युम घ्या आणि नेमप्लेटवरच्या ग्रॅमप्रमाणे काट्यावर वजन करून भरा. पाइप कंपनीने दिलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर मीटरमागे सहसा 15-20 ग्रॅम वाढतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आर-410ए दोन गॅसांचं मिश्रण, म्हणून सिलिंडर उलटा धरून द्रवरूपातच भरायचा. आर-32 एकच गॅस आहे, त्याला ही भानगड नाही. तो थोडा ज्वलनशील मात्र आहे. खोली बंद ठेवून, जवळ टॉर्च पेटवून त्याच्याशी खेळू नका.

जुनं गेज घेऊन आर-32 कडे गेलात तर पहिली अडचण होजची. आर-22 चा सर्व्हिस पोर्ट पाव इंची, आर-32 आणि आर-410ए चा 5/16. अडॅप्टर लागतो. हे एकही व्हिडिओ सुरुवातीला सांगत नाही.

फ्लेअर हा गॅसगळतीचा खरा मालक. पाइप हॅक्सॉने नाही, कटरने कापायचा आणि प्रत्येक फेरीला कटर थोडाच आवळायचा, नाहीतर तोंड आत दबतं. बरी (कापल्यावर कडेला उरलेली धार) काढताना पाइपचं तोंड खाली धरायचं, कीस आत जाता कामा नये. मग नट आधी पाइपवर (हसू नका, फ्लेअर झाल्यावर आठवतो). नव्या क्लचवाल्या टूलमध्ये पाइप ब्लॉकच्या वर 0 ते 0.5 मिलिमीटर, आर-22 च्या जुन्या क्लच टूलमध्ये 1 ते 1.5. झालेल्या फ्लेअरला व्हर्निअर लावा: दोन सुती (पाव इंची) पाइपला बाहेरचा व्यास 8.7 ते 9.1 मिलिमीटर, चार सुतीला (अर्धा इंची) 16.2 ते 16.6. तोंडाला कॉम्प्रेसर तेलाचा थेंब, नट आधी बोटांनीच, आणि शेवटी दोन पाने लावून टॉर्क: दोन सुतीला 14 ते 17 न्यूटन-मीटर, चार सुतीला 50 ते 60. व्हिडिओतला मिस्त्री मनगटाने आवळतो आणि त्याचं जमतं, कारण त्याच्या मनगटाने हजारभर फ्लेअर आवळलेत. नवशिका घाबरून जास्त आवळतो, तांबं पातळ होतं आणि पहिल्या उन्हाळ्यात चीर जाते. दोन मीटर तांबं फक्त सरावासाठी कापून टाका.

पंप डाउनचा (सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून साठवणं) व्हिडिओ बघताना एक गोष्ट जोडून लक्षात ठेवा: आउटडोअर चालू असताना पाइपचा नट सैल करायचा नाही. हवा आत ओढली गेली तर तेल, हवा आणि दाब मिळून कॉम्प्रेसर फुटू शकतो. आधी बारीक लाइनचा वॉल्व बंद, दाब शून्याजवळ आला की जाड लाइनचा बंद, लगेच यंत्र बंद, मग पाने.

पुण्याच्या घरांत व्हिडिओबाहेरचं एक निदान हमखास लागतं: ड्राय बाल्कनी. आउटडोअर आत, पुढे जाळी, वर वाळत घातलेले कपडे, मागे कबुतरांची वीण. बाहेर 38 अंश असताना आउटडोअरच्या मागे थर्मामीटर धरा. 45 च्या वर असेल तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतोय. कूलिंग कमी, अँपिअर जास्त, दुपारी तीनला ट्रिप. गॅस कमी झाला तर साध्या एसीचे अँपिअर उतरतात, चढत नाहीत. एवढं एक वाक्य पाठ असेल तर निष्कारण गॅस भरणं टळतं. तसंच ग्रिलचं तापमान: मे महिन्याच्या कोरड्या हवेत आत जाणाऱ्या-बाहेर येणाऱ्या हवेत 13-14 अंशांचा फरक दाखवणारा एसी जुलैत 9-10 दाखवेल. बिघडलेला नाही, बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात चालली आहे. ड्रेनच्या नळीकडे बघा.

थिअरी हवी असेल तर एनपीटीईएलवर (आयआयटींची मोफत ऑनलाइन व्याख्यानं) आयआयटी खरगपूरची रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगची व्याख्यानं आहेत. रुक्ष आहेत, पण दाब-एन्थाल्पीचा आलेख एकदा नीट कळला की पुढचे शंभर व्हिडिओ वाचतात.

ब्रेझिंगला दोनच मार्क का? ज्योतीचा रंग कॅमेऱ्यात खोटा दिसतो, आणि तांबं गडद लाल होऊन रॉड आपोआप आत ओढला जाण्याचा क्षण बघून नाही, करूनच कळतो. शिवाय जोड देताना आतून नायट्रोजनची बारीक धार सोडणं जवळजवळ कुणी दाखवत नाही. न सोडल्यास आत काळी पापडी धरते आणि ती कॅपिलरीत (गॅस जाण्याची अगदी बारीक नळी) जाऊन बसते. हे एखाद्या मिस्त्रीजवळ उभं राहून किंवा आयटीआयच्या वर्कशॉपमध्येच शिका.

पुण्यात हत्यारांसाठी बोहरी आळी, कॅपॅसिटर आणि सुट्या पार्टसाठी तपकीर गल्ली. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेज सेट मिळतात; घेताना होज काढून काटा शून्यावर बसतो का बघा, आणि काचेखाली तेल साचलेलं असेल तर विकणारा काहीही म्हणो, ठेवून द्या.