रोड्डा लिहिलेली जुनी बारा बोअर दुनळी : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आजोबांची बारा बोअर दुनळी वारसाच्या लायसन्सवर माझ्या नावावर झाली त्याला आता बरेच महिने झाले, मधे अख्खा पावसाळा गेला, क्लबच्या रेंजवर बऱ्यापैकी बार काढून झाले, तर जुनी विलायती बंदूक घेऊ का नको, घरातली ठेवू का काढू असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी नावाचं. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर आर. बी. रोड्डा अँड कंपनी, कलकत्ता असं कोरलंय. रोड्डा म्हटलं की लोकांना 26 ऑगस्ट 1914 आठवतो, क्रांतिकारकांनी त्यांचा माल पळवला तो, आणि विकणारे पण तीच गोष्ट रंगवून भाव चढवतात. अहो तेव्हा गेली ती 50 माउझर पिस्तुलं आणि 46 हजार काडतुसं, शिकारीच्या दुनळीचा काय संबंध! आणि रोड्डा हे विकणारे, अशा बंदुका विलायतेत बनायच्या आणि वर नाव यांचं पडायचं. त्यामुळे नावावरून अस्सल-नकली ठरवूच नका, नाव काय कोणीही कोरतं. बेल्जियमच्या स्वस्त बंदुकांवर 'डब्ल्यू. रिचर्ड्स' लिहून वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्लिश कंपनीच्या भरवशावर खपवायचे, हे धंदे तेव्हापासूनचे.

खरी कुंडली नळ्यांच्या पोटाखाली असते. फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढा, नळ्या उतरवा आणि चेंबरखालचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेखालचा सपाट भाग चांगल्या उजेडात भिंगाने बघा. माझ्या बंदुकीवर मुकुट आणि खाली बीव्ही, बीपी, एनपी, म्हणजे बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसचे (तिथे नळ्या जास्त दाबाचा बार उडवून तपासतात, त्यालाच प्रूफ म्हणतात) 1904 ते 1954 मधले शिक्के. लंडनचा माल असता तर मुकुटाखाली जीपी दिसलं असतं, आणि लंबगोलात ईएलजी दिसलं की समजायचं बेल्जियममधलं लिएज, पट्टीवर काहीही लिहिलेलं असू दे. शेजारी 2½ इंच चेंबर आणि 1⅛ औंस छर्रा पण ठोकलाय. चेंबरची लांबी अशी ठोकायला लागले 1925 च्या नियमांपासून, त्यामुळे 'पणजोबांनी 1900 साली घेतलेली' ही घरातली कथा तिथेच संपली. काका अजून मानत नाहीत, असो.

शिक्के पुसट दिसले तर मात्र सावध व्हा, कोणीतरी नळ्या घासून नवीन काळा रंग चढवलेला असतो आणि घासलं म्हणजे पत्रा पातळ झाला. आतून पण मापून घ्या, प्रूफच्या वेळच्या बोअरपेक्षा (आतल्या व्यासापेक्षा) जास्त मोकळी झालेली नळी इंग्लंडच्या नियमात बादच धरतात.

काम कसं आहे? अँसन-डीली पद्धतीचा बॉक्सलॉक (घोड्याची यंत्रणा आत पेटीत बसवलेली) आहे, 1875 चं पेटंट, साधा आणि दणकट. नक्षी कमीच, कडेला थोडी वेलबुट्टी, पण स्क्रूच्या खाचा बघा, केसासारख्या बारीक आणि वरचे सगळे नळीच्या दिशेने सरळ रेषेत, एकही चावलेली नाही, म्हणजे कोणी अडाण्याने खोललेली नाही. नळ्या, फोरएंडचं लोखंड आणि ट्रिगर गार्ड तिन्हीकडे नंबर एकच, आणि लायसन्सवर पण तोच (हे आधी बघा, नाहीतर पोलिस स्टेशनच्या चकरा नशिबात). नळ्या हुकाला लटकवून लाकडी मुठीने हलकं टकटकवलं तर टण्ण असा लांब आवाज येतो, बद्द आला तर पट्टीचं डाख सुटलंय. बंदूक उघडायचा वरचा लिव्हर मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडेच थांबतो, फार झिजलेल्या बंदुकीत तो डावीकडे जातो. पकडीसाठीची खाचांची जाळी मात्र दस्त्यावर परत कोरलेली वाटते, टोकं जरा जास्तच धारदार आहेत.

वापरात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काडतूस. बाजारात 70 मिमीचा माल सर्रास मिळतो आणि या 2½ इंची चेंबरला लागतं 65, पण गंमत अशी की 70 वालं पण आरामात आत बसतं कारण न उडालेलं काडतूस आखूडच असतं, उडल्यावर तोंड उघडतं ते पुढच्या अरुंद भागात आणि प्रेशर वाढतं. एक कारागीर म्हणाला चेंबर वाढवून देतो, अर्ध्या तासाचं काम. हात जोडले. पत्रा कमी करायचा, प्रूफ घालवायचं, कशासाठी?

65 वाल्यावर बंदूक मस्त चालते. हलकी आहे, खांद्यावर पटकन येते, धक्का सुसह्य. इजेक्टर (रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकणारी यंत्रणा) नाही, रिकामी काडतुसं बोटाने ओढावी लागतात, रेंजवर वैताग येतो. मागचा ट्रिगर पण जड आहे.

कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये अजिबात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि नळीवर तांबूस ठिपके येतात. मी तेलाचा पुसट हात फिरवून, तोंड खाली करून कपाटात उभी ठेवतो, नाहीतर तेल दस्त्याच्या मानेत मुरून लाकूड मऊ पडतं. दस्ता मला थोडा आखूड होतो, तर कापून रबर पॅड बसवायचा सल्ला दोघा-तिघांनी दिला. कापणार नाही, वरून चढवायचा चामडी पॅड मिळतो, तो मागवलाय.