ठिगळाचं जॅकेट

न्यू जर्सीच्या थंडीसाठी पॅटागोनिया या अमेरिकी कपडे कंपनीच्या 'वॉर्न वेअर'मधून, म्हणजे तिच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून, वापरलेलं जॅकेट घेतलं. डाव्या कोपरावर पोस्टाच्या तिकिटाएवढं ठिगळ, पण टाके आजीच्या गोधडीसारखे बारीक. आत 'फेअर ट्रेड'चा टॅग. असा टॅग असलेल्या प्रत्येक कपड्यामागे कंपनी शिवणाऱ्यांच्या निधीत जादा रक्कम भरते आणि ती कशावर खर्चायची हे कामगारच ठरवतात. मला हेच सगळ्यात भावलं. शिवाय १९८५पासून विक्रीतला १ टक्का पर्यावरणासाठी जातो. नफ्यातला नव्हे हं, विक्रीतला! २०२२मध्ये तर संस्थापक इव्हॉन शुइनार्ड आणि कुटुंबाने कंपनीची मालकीच सोडली. नफा आता निसर्गरक्षणाला. ऊब झकास. व्हिडिओ कॉलवर आईला मात्र फक्त ठिगळ दिसलं. "एवढे डॉलर मोजून फाटकं घेतलंस?"