पाकिटासाठी ऑप आर्ट की पंक?

खाऊच्या पाकिटाला १९६० च्या दशकातलं ऑप आर्ट (डोळ्यांना हलल्याचा भास देणारी भौमितिक नक्षी) द्यायचं की ७० च्या दशकातला पंक (बंडखोर रॉक संगीताच्या पोस्टरांचा) लूक, यात अडकला असाल तर मूडबोर्ड (कल्पनांच्या चित्रांचा कोलाज) ठेवा बाजूला आणि आधी छपाई बघा. ब्रिटिश ऑप आर्ट चित्रकार ब्रिजेट रायलीसारख्या बारीक काळ्यापांढऱ्या रेषा सपाट खोक्यावर झकास दिसतात, पण प्लॅस्टिक पाऊचवर फ्लेक्सो छपाईत (लवचिक प्लेटने होणाऱ्या) शाई पसरते, रेषा जाड होतात, वर पाऊच चुरगळला की सगळा इफेक्ट गेलाच. पंकचं उलट आहे, कापून चिकटवलेली अक्षरं, झेरॉक्सचे डाग, दोनच रंग, त्यामुळे रंग जरा सरकला तरी मुद्दाम केल्यासारखं वाटतं आणि प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते, रंग कमी म्हणून प्लेटचा खर्चही कमी.

वाचायला मात्र दोन्ही त्रासदायक. घटक आणि ॲलर्जीची माहिती साध्या पांढऱ्या पट्टीवरच टाका, बारकोडला रेषा चिकटवू नका, स्कॅन होणार नाही. आणि रायलीचं चित्र जसंच्या तसं उचलायचं नाही हं, कॉपीराइट आहे.

चॉकलेटचा बॉक्स, गिफ्ट पॅक असेल तर ऑप आर्ट. चिप्स, सॉस, छोटी बॅच, दर महिन्याला नवा फ्लेवर असेल तर डोळे झाकून पंक.