सूर्यनमस्कार, प्राणायाम की नुसतं बसणं? गोव्यातल्या रोजच्या अर्ध्या तासाचा हिशेब

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू वाजल्यापासून ते बस पकडायला घराबाहेर पडेपर्यंत बहुतेक नोकरदारांच्या वाट्याला फार तर अर्धा तास येतो. मन ताळ्यावर राहावं, क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडू नये, रात्री पाठ टेकली की झोप लागावी, एवढीच ज्याची अपेक्षा आहे त्याने तो अर्धा तास कशाला द्यावा? समोर तीन मोठ्या वाटा आहेत: सूर्यनमस्कार आणि आसनं, प्राणायाम, आणि सजगतेचं ध्यान, ज्याला हल्ली सगळे माइंडफुलनेस म्हणतात.

'तिन्ही करा' हा सल्ला चुकीचा नाही, पण कामाचा नाही. दहा मिनिटं आसनं, पाच मिनिटं अनुलोम-विलोम, दोन मिनिटं डोळे मिटून बसणं अशी खिचडी करणाऱ्याला कशाचाच गुण येत नाही आणि पंधरवड्यात चटई गुंडाळून कोपऱ्यात जाते. सुरुवातीचे सहा आठवडे एकच धरा.

ते एक निवडताना श्रेष्ठ काय हे विचारू नका. आपला तोल दिवसात कधी जातो, ते शोधा. आठवडाभर वहीत तीनच गोष्टी टिपा: वेळ, प्रसंग, आणि अंगात काय झालं. काहींची सकाळच जड असते. अंग आखडलेलं, डोकं सुस्त. काहींचं दुपारनंतर बिघडतं: साहेबांचा फोन, पर्वरीची वाहनांची रांग, छातीत धडधड. आणि काहींचा दिवस बरा जातो, पण एकदा तेच ते विचार सुरू झाले की थांबत नाहीत. पहिल्याला नमस्कार, दुसऱ्याला श्वास, तिसऱ्याला ध्यान, असा ढोबळ मेळ बसतो. तो का बसतो आणि कुठे फसतो, ते आता एकेक पाहू.

सूर्यनमस्कार: ज्याला स्वस्थ बसवत नाही त्याच्यासाठी

मोजायला सोपा, शिकायला सोपा, जागा लागते जेमतेम चटईएवढी. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा घरोघर प्रसार केला, त्यामुळे आपल्याकडे तो आजोबांपासून माहीत असतो. गोची इथेच आहे. शाळेत शिकलेला नमस्कार झपाट्याचा, 'एक-दोन-तीन'वर मारलेला असतो. मन स्थिर करायला तो वेग उपयोगाचा नाही. एका नमस्काराला सावकाश एक मिनिट द्या: वर जाताना श्वास आत, वाकताना बाहेर. सहा नमस्कारांनी सुरुवात करा, दर आठवड्याला दोन वाढवा, बारावर थांबा. एका नमस्कारात उजवा पाय आधी मागे गेला तर पुढच्यात डावा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पुढे वाकताना गुडघे ताठ ठेवायचा हट्ट केला की मांडीमागचे आखडलेले स्नायू कंबरेच्या हाडाला धरून ठेवतात आणि सगळा बाक पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. गुडघे खुशाल वाकवा. भुजंगासनात हातांच्या जोरावर उठू नका. बेंबी जमिनीला टेकलेली, कोपरं थोडी दुमडलेली, खांदे कानांपासून लांब. मनगट दुखत असेल तर भार तळव्याच्या टाचेवर पडतोय. बोटं पसरून बोटांच्या मुळांनी जमीन दाबा.

शेवटचं शवासन गाळून थेट न्हाणीघरात पळालात तर हाती फक्त व्यायाम उरतो. वाढलेले ठोके उतरत जातात आणि अंग सैल पडतं, ते त्या चार-पाच मिनिटांतच. वेळ कमी असेल तर दोन नमस्कार कमी करा, शवासन नको.

गोव्याच्या हवेची अडचण वेगळी. एप्रिल-मेमध्ये आठ वाजले की पर्वतासनात घामाने तळवे सटकायला लागतात. जूनमध्ये लादीलाच घाम सुटतो, आणि प्लास्टिकची चटई तिच्यावरून सरकते. खाली सतरंजी घातली तर सतरंजीसकट सरकते. लादी कोरड्या फडक्याने पुसून त्यावर जाड रबरी चटई हा त्यातल्या त्यात बरा उपाय. रबरी चटई उन्हात वाळवू नये, तडे जातात. पंख्याखाली टांगावी, नाहीतर आठ दिवसांत बुरशीचे ठिपके दिसतात.

प्राणायाम: परिणाम लवकर, चुकाही लवकर

तिन्हींत झटपट फरक दाखवणारा हाच. कसं ते स्वतः तपासता येतं. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके थोडे जवळ येतात, बाहेर सोडताना लांबतात. तरुण आणि निवांत माणसात हे बोटांना स्पष्ट कळतं. उच्छ्वास लांबवला की हृदयाला मिळणारा हा सबुरीचा इशारा जास्त वेळ टिकतो. 'दीर्घ श्वास घ्या' असं जो तो सांगतो. खरं तर सांगायला हवं 'दीर्घ श्वास सोडा'.

पाठ ताठ ठेवून बसा. खुर्ची चालते, पाय मात्र जमिनीला टेकलेले हवेत. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा. आकडा सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला बारा ते अठरा घेतो, म्हणून सुरुवातीला सहा जमत नाहीत. तसं झालं तर तीन-चार, किंवा तीन-पाच. सहाच्या अखेरीस 'हा' करून हवा खेचावी लागली तर आकडा आपल्या ऐपतीबाहेरचा आहे, तो कमी करा. दहा मिनिटं पुरे.

अनुलोम-विलोम त्याच मोजणीने करता येतो. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडा, अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने घ्या. अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडा. उजवीनेच घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन वीस सेकंदांचं. श्वास रोखणं, म्हणजे कुंभक, एकट्याने शिकू नये.

पावसाळ्यात ओल आणि बुरशीने इथली निम्मी नाकं चोंदलेली असतात. चोंदलेल्या नाकपुडीतून जोर लावून ओढू नका. त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांनी चार-सहा किंवा सरळ भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं. जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, करणार असाल तर पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, विहिरीचं तसंच घेतलेलं कधीच नाही, कारण नाकातून शिरणारे काही सूक्ष्म जीव जिवावर बेततात. अर्ध्या लिटरला पाऊण छोटा चमचा मीठ. मीठ कमी पडलं की नाक झोंबतं.

आता कपालभाती. गावोगावच्या वर्गांत सगळ्यांना सरसकट तोच दिला जातो, आणि मन शांत करायला आलेल्या माणसाला तो देणं आम्हाला पटत नाही. हठयोगात त्याची गणना प्राणायामात नव्हे, शुद्धिक्रियांत होते. भराभर श्वास टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरू शकतो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. ज्याला आधीच धडधडीचा त्रास आहे त्याला हे घाबरण्याच्या झटक्यासारखंच वाटतं. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर तो करूच नये.

वेळेचं पथ्य साधं आहे: भरपेट शीतकढीनंतर तीन-चार तास, चहा-पावानंतर तासभर. दुकान एक ते चार बंद ठेवणाऱ्यांना जेवणाआधीची दहा मिनिटं सोयीची.

सजगतेचं ध्यान: सर्वांत स्वस्त, सर्वांत चिवट

करायचं फारच थोडं असतं, म्हणून अवघड वाटतं. घडीची चादर किंवा उशी घेऊन दहा-बारा सेंटिमीटर उंचीवर बसा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली येतात आणि पाठ आपोआप उभी राहते. सपाट जमिनीवर बसलात तर कंबर मागे कलते, मज्जातंतूवर दाब येतो आणि पाय बधिर होतो. बधिर पायाने झटकन उठू नका, घोटा मुरगळतो.

घड्याळ दहा मिनिटांवर लावा. नाकपुडीच्या कडेला किंवा वरच्या ओठावर श्वास कुठे लागतो ती जागा शोधा. आत येताना थोडा गार, बाहेर जाताना ऊबदार. श्वास जसा आहे तसा राहू द्या. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मन गॅसच्या सिलिंडरकडे, पोराच्या फीकडे जाईल. गेलंय हे कळलं की मनात फक्त 'विचार' म्हणा आणि परत त्या जागेवर या. दहा मिनिटांत असं पन्नास वेळा झालं तर पन्नास वेळा सराव झाला. विचार थांबवणं हे काम नाही, आणि याच गैरसमजाने बहुतेकजण दुसऱ्या आठवड्यात 'मला जमत नाही' म्हणून उठतात.

त्या दिवसांत अस्वस्थता वाढल्यासारखीही वाटते. आधी न दिसणारा पसारा आता दिसतो, बाकी काही नाही. मात्र रडू आवरेनासं झालं, जुना आघात पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला किंवा झोप पार उडाली, तर डोळे उघडा, बसणं थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. गंभीर नैराश्यात किंवा घाबरण्याचे झटके येत असताना लांब ध्यानाने सुरुवात करणं धोक्याचं. तिथे सावकाश चालणं बरं. जुन्या घरातलं राजांगण (आतला चौक) किंवा बाल्कांव (दारापुढची ओसरी) त्यासाठी उत्तम: अनवाणी, पंधरा पावलं पुढे, पंधरा मागे, प्रत्येक पावलाला 'उचल, पुढे, टेक'.

ध्यानाचा मोठा फायदा असा की ते चटईवर अडकून पडत नाही. रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहताना दहा श्वास मोजता येतात. पोदेराचा भोंपू ऐकला की हातातलं काम थांबवून तीन श्वास, हीसुद्धा साधनाच. (स्कूटर चालवताना मात्र डोळे रस्त्यावर, आणि सजगताही तिथेच.)

रात्रीच्या विचारचक्राबद्दल एक सावधगिरी. पलंगावर ध्यान करू नका. एक तर झोप लागते आणि ध्यान शिकायचं राहतं, नाहीतर झोप लागत नाही म्हणून चिडचिड होते. ध्यान सकाळी, आणि रात्री पडल्या पडल्या योगनिद्रा: उजव्या अंगठ्यापासून सुरू करून एकेका अवयवावरून लक्ष फिरवत न्यायचं. वीस मिनिटं. मध्येच झोप लागली तर रात्री ते चालतं.

शिकायचं कुठे

नोव्हेंबर ते मार्च हरमल, मांद्रे, पाटणे, पाळोळे भागात योगाचे वर्ग जागोजागी लागतात. बहुतेक इंग्रजीत, दीड तासाचे, एका आसनातून दुसऱ्यात वाहत जाणारे. अंगाला छान, पण सुट्टीवर आलेल्या माणसासाठी आखलेले. दोनशे तासांचा कोर्स शिकवू पाहणाऱ्यांचा असतो. स्वतःच्या मनःशांतीसाठी त्याची गरज नाही. त्यापुढे परदेशी नोंदणीचं नाव असलं तरी ती नोंदणीच, परवाना नव्हे.

गावातल्या देवळाच्या सभागृहातला सहाचा वर्ग दिसायला साधा, पण चार दिवस गेला नाहीत तर कोणीतरी विचारतं, आणि हे औषध मोठं आहे. तोटा असा की तिशीतला आणि सत्तरीतला एकाच तालावर हलतो. पहिल्या दिवशी शिक्षकांना विचारा: रक्तदाब असलेल्याला तुम्ही काय वगळायला सांगता? उत्तर 'काही नाही' असेल तर दुसरा वर्ग बघा.

इगतपुरीच्या परंपरेतलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर शुल्क घेत नाही, देणगीवर चालतं. पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं. शिकवण पक्की, पण घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. ज्याच्याकडे अर्धाच तास आहे त्याने हे आधीच लक्षात घ्यावं. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम नोकरदाराला जास्त जवळचा, तरी त्यातही रोज 45 मिनिटांचा गृहपाठ असतो. गंमत म्हणजे त्यात हठयोगाची आसनंही आहेत, म्हणजे योग की माइंडफुलनेस ही भिंत तिथेही पक्की नाही. फोनवरचं अॅप घड्याळ म्हणून ठीक. विमान मोडवर टाकूनच वापरा, नाहीतर सातव्या मिनिटाला कार्यालयाच्या गटातला संदेश येतो.

रोज दहा मिनिटं की रविवारी दीड तास? इथे मात्र आमचा कौल सरळ आहे: रोज. अभ्यास दृढभूमी, म्हणजे पक्का, व्हायला पतंजलींनी तीन अटी घातल्या: दीर्घ काळ, खंड न पडता, आदराने. दीड तासाची अट त्यात नाही.

सहा आठवड्यांनी ती वही पुन्हा उघडा. राग येणं थांबलं का हे बघू नका, ते थांबत नाही. पूर्वी पर्वरीतल्या हॉर्नची चीड घरी पोचेपर्यंत टिकायची, ती आता मांडवी पूल ओलांडेपर्यंत उतरते का, ते बघा. उतरत असेल तर तेच चालू ठेवा, दुसरं काही जोडायची घाई नको. तसूभरही फरक नसेल तर वाट बदला. पण त्याआधी वहीतले दिवस मोजा: 42 पैकी 30 सुद्धा भरले नसतील, तर त्या वाटेची अजून परीक्षाच झालेली नाही.