मृत्यूसमीप अनुभवांचे फेसलेस व्हिडिओ: माणसाचा आवाज की एआय आवाज?

चेहरा न दाखवता, मुलाखतीच्या ढंगाचे व्हिडिओ करायचे आणि विषय मृत्यूसमीप अनुभवांचा, म्हणजे मरणाच्या दारातून परत आलेल्यांनी त्या वेळचं जे सांगितलं त्याचा, इथवर तुमचं ठरलेलं आहे असं धरतो. कॅप्शन, एडिटर, थंबनेल हेही तुम्हाला माहीत असेलच, म्हणून ते सोडून देतो. या कामात गाडी अडते ती एकाच ठिकाणी. ज्याला अनुभव आला त्याच्याच आवाजात बोलणं रेकॉर्ड करायचं, की अनुभव लिहून घ्यायचा, त्याची प्रश्नोत्तरं करायची आणि ती दोन एआय आवाजांकडून वाचून घ्यायची? मी दोन्ही केलं आहे. सुरुवातीचे सात-आठ महिने एआय आवाज वापरले, मग खऱ्या आवाजाकडे वळलो आणि आता तिथेच आहे. तरीही एआय आवाजाच्या वाटेला मी नावं ठेवणार नाही, कारण ती मी आळसापोटी धरली नव्हती.

त्या वाटेचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे लोक लिहायला तयार होतात. हा विषय असा आहे की कित्येकांनी घरच्यांनाही सांगितलेलं नसतं. हृदय बंद पडलं होतं, डॉक्टरांनी परत आणलं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मधल्या काही मिनिटांबद्दल मात्र ते कोणाशी बोललेले नसतात. लोक वेड्यात काढतील ही भीती असते, आणि सांगून ती गोष्ट लहान होईल ही त्याहून मोठी भीती. अशा माणसापुढे माइक ठेवला की तो आखडतो. रात्री एकट्याने चार पानं लिहून पाठवा म्हटलं तर पाठवतो. शिवाय एआय आवाजात पंख्याची घरघर नाही, मागे कुकरची शिट्टी नाही. एखादा शब्द चुकला तर दोन मिनिटांत बदलता येतो. एका संध्याकाळी स्क्रिप्ट, दुसऱ्या संध्याकाळी व्हिडिओ, असं मी आठवड्याला एक काढत होतो.

खरा आवाज घ्यायचा तर हा सगळा वेग सोडावा लागतो. तास-दीड तासाच्या बोलण्यातून वीस-पंचवीस मिनिटं हाती लागतात आणि ती काढायला मला तीन-चार संध्याकाळी जातात. माणूस दूर असेल तर कॉलवरचा आवाज तुटतो, म्हणून दोन्ही बाजूंनी आपापल्या फोनवर वेगळं रेकॉर्डिंग करून नंतर जुळवावं लागतं. बोलणं सुरू होण्याआधी अर्धा मिनिट कोणीच न बोलता खोलीचा आवाज, म्हणजे रूम टोन, घेऊन ठेवावा लागतो. नाहीतर कट केलेल्या जागी ऐकणाऱ्याच्या कानाला खड्डा लागतो. आणि सगळ्यात कठीण गोष्ट ही की पहिलं सांगणं परत मिळत नाही. एकदा समोरच्या बाजूचं रेकॉर्डिंग अर्ध्यात बंद पडलं होतं आणि आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. आठवड्याने त्या गृहस्थांनी पुन्हा सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. पण आता ते आठवून सांगत नव्हते, मागच्या वेळी काय सांगितलं ते सांगत होते. तेव्हापासून मी दोन्ही टोकांना दोन-दोन उपकरणं लावतो.

एवढं असूनही मी वाट बदलली, आणि तीही अगदी किरकोळ वाटेल अशा एका कटकटीमुळे. एआय आवाजाला अर्धवट वाक्य बोलता येत नाही.

हे अनुभव सांगणारी माणसं वाक्यं पुरी करत नाहीत. ती सुरुवात करतात, अडतात, मागे येतात, दुसरा शब्द घेतात, तोही टाकून देतात. ‘तिथे उजेड… उजेड नाही म्हणता येणार, म्हणजे दिसत होतं सगळं, पण…’ आणि गप्प. बोलणाऱ्याला तिथे शब्द मिळत नाही, आणि शब्द मिळत नाही हेच त्याला सांगायचं असतं. हे वाक्य टीटीएसला, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या एआय आवाजाला, दिलं की तो ‘पण’ असा काही उच्चारतो जणू तिथे पूर्णविराम आहे. सूर खाली आणतो, वाक्य मिटवतो आणि पुढच्या ओळीवर निघून जातो. टिंबं वाढवून पाहिली, स्वल्पविराम टाकून पाहिले, वाक्य दोन तुकड्यांत करून मध्ये हाताने शांतता भरली. आवाज थांबायचा खरा, पण अडखळायचा नाही. थांबणं आणि अडणं यांतला फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो. आवाजाची साधनं दर काही महिन्यांनी सुधारतात, तुमच्या हातातलं कदाचित बरंच पुढे गेलेलं असेल. माझ्या हातात होती ती तिथेच अडली.

मग मी जे केलं ते सांगायला जड जातं. ऐकायला नीट वाटावं म्हणून मी वाक्यं पुरी करू लागलो. ‘तिथे उजेड होता, पण डोळ्यांना त्रास देणारा नव्हता.’ छान वाक्य आहे, आवाजाने छान म्हटलं. एका बाईंनी त्यांचा अनुभव लिहून पाठवला होता, त्यात असंच एक तुटलेलं वाक्य होतं आणि मी ते असंच जोडलं. प्रसिद्ध करण्याआधी त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, ‘चांगलं झालंय. पण हे माझं नाही. मी उजेड म्हटलंच नव्हतं, मी म्हटलं होतं की उजेड म्हणता येणार नाही.’

त्या रात्री मी माझ्या आधीच्या सगळ्या स्क्रिप्ट काढून मूळ मजकुरांशी ताडून पाहिल्या. मुद्दाम खोटं कुठेच नव्हतं. पण जिथे जिथे माणूस अडला होता, तिथे तिथे मी काहीतरी भरलं होतं, आणि जे भरलं ते बहुतेक वेळा एकाच पोतडीतलं होतं: बोगदा, प्रकाश, शांती. अमेरिकन डॉक्टर रेमंड मूडी यांनी १९७५ साली या अनुभवांतले वारंवार येणारे घटक मांडले. तेव्हापासून ते चित्र जगभर इतकं पसरलं आहे की लिहिणाऱ्याचा हात आपोआप तिकडे वळतो. वास्तविक अनुभव तेवढ्यात मावत नाहीत. सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ घटना नोंदवल्या. त्यांत यमदूतांनी नेलं, नोंदीत चूक निघाली, भलत्याच माणसाला आणलं म्हणून परत पाठवलं, असं सांगणारी माणसं भेटतात. याच विषयाचे अभ्यासक ब्रूस ग्रेसन आणि नॅन्सी इव्हान्स बुश यांनी १९९२ मध्ये भयप्रद अनुभवांचे तीन प्रकार वेगळे काढले. त्यातला एक निव्वळ पोकळीचा आहे, जिथे काहीच नाही आणि कोणीच नाही. माझ्या त्या वेळच्या सवयीने मी त्या पोकळीतही कुठेतरी उजेड घातला असता.

मला सर्वात लागलं ते याहून वेगळं. ग्रेसन यांनी २००७ मध्ये ७२ जणांची जुनी आणि नवी कथनं ताडून पाहिली होती, मध्ये जवळजवळ वीस वर्षांचं अंतर होतं. काळाबरोबर कथनं रंगवली गेली असतील हा तर्क टिकला नाही, माणसं जवळपास तेच सांगत होती. म्हणजे ज्यांनी वीस-वीस वर्षं आपला अनुभव जसाच्या तसा जपला, त्यांचे शब्द मी एका संध्याकाळी बदलत होतो, आणि तेही यंत्राला नीट वाचता यावं म्हणून.

आता खऱ्या आवाजात ते अडणं टाइमलाइनवर दिसतं. वेव्हफॉर्मची रेघ सपाट होते, मध्ये एक बारीक लाट, श्वास, पुन्हा सपाट. माझ्या एका व्हिडिओत अशी नऊ सेकंदांची शांतता आहे. शांतता आपोआप कापणारी सोय मी बंदच करून टाकली आहे. प्रेक्षक पळून जातील असं मला अनेकांनी सांगितलं. माझ्यापुरतं बोलायचं तर तसं झालं नाही, प्रतिसादांत लोक नेमक्या त्याच जागेबद्दल लिहितात. तुमचा प्रेक्षक वेगळा असू शकतो, हे मान्य.

आणखी एक फायदा मी धरला नव्हता. बोलणं समोरासमोर चालतं तेव्हा माझे प्रश्न सुधारले. लिहून पाठवायच्या प्रश्नावलीत मी ‘प्रकाश दिसला का?’ असं सरळ विचारत असे. आता पहिला अर्धा तास ‘मग?’ आणि ‘पुढे?’ याखेरीज काही विचारत नाही. ग्रेसन यांची १६ प्रश्नांची श्रेणी आहे, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण ३२, आणि ७ किंवा अधिक आले तर संशोधनात तो मृत्यूसमीप अनुभव धरतात. ती मी सगळं सांगून झाल्यावर काढतो, आधी कधीच नाही. आधी काढली की माणूस श्रेणीच्या भाषेत बोलू लागतो. ज्यांना काहीच आठवत नाही त्यांनाही मी बोलवतो. हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांच्या २००१ च्या डच अभ्यासात हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला होता. बाकीचे मोठ्या संख्येने होते आणि त्यांचं ‘काही नव्हतं’ हेही ऐकण्यासारखं असतं. असा व्हिडिओ एआय आवाजात करून पाहिला होता. दीड मिनिटात संपला.

आता खऱ्या आवाजाची खरी अडचण. चेहरा लपला तरी आवाज लपत नाही. ओळखीचा माणूस दोन वाक्यांत ओळखतो. पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, बदलून लपवण्याच्या भानगडीत पडू नका असं मी म्हणेन. बातम्यांमधल्या साक्षीदारासारखा आवाज येतो, सांगणारा काहीतरी गुन्हा केल्यासारखा वाटतो, आणि नुसतं पिच बदललेलं असेल तर ते उलटं फिरवणंही अवघड नाही. म्हणून मी आधीच स्पष्ट विचारतो: आवाज ओळखला गेला तर चालेल का? नाही म्हटलं तर रेकॉर्डिंग होतं, पण प्रसिद्ध होत नाही. हो म्हटलं तरी अंतिम व्हिडिओ त्यांनी ऐकल्याशिवाय लावत नाही, आणि नंतर कधीही काढा म्हणाले तर काढतो. मधेच कोणाला रडू आलं तर बोलणं थांबवतो आणि त्या दिवशी पुन्हा सुरू करत नाही.

दृश्यांबद्दल थोडक्यात, कारण ती दोन्ही वाटांना सारखीच आहेत. बोगद्यांची आणि तेजोवलयांची एआय चित्रं मी वापरत नाही. पाणी, भिंतीवरची सावली, रिकामी खुर्ची, आणि बोलणाऱ्याचे शब्द कॅप्शनमध्ये, एवढंच. चित्र दाखवलं की माणूस ‘उजेड म्हणता येणार नाही’ म्हणत असताना पडदा ‘हा बघा उजेड’ म्हणून मोकळा होतो.

नियमांचंही पाहा. खऱ्यासारखी वाटणारी बनवलेली किंवा बदललेली सामग्री असेल तर ते जाहीर करा, असं यूट्यूबने २०२४ पासून मागायला सुरुवात केली. घाऊक पद्धतीने काढलेल्या एकसारख्या व्हिडिओंना कमाई मिळण्याबाबतचं धोरणही जुलै २०२५ मध्ये अधिक स्पष्ट केलं. एआय आवाज वापरला की कमाई बंद, असा त्याचा अर्थ नाही. पण एकाच साच्यातले दोन आवाज, तीच चित्रं, तीच रचना दर आठवड्याला निघू लागली की आपण त्या रेषेच्या किती जवळ आहोत हे आपल्यालाच सांगता येत नाही. आणि संकेतस्थळांवर लोकांनी लिहिलेले अनुभव उचलून स्क्रिप्ट करणार असाल तर तो मजकूर लिहिणाऱ्याच्या मालकीचा असतो, परवानगी घ्यावीच लागते.

तर कोणी काय घ्यावं? आठवड्याला एक व्हिडिओ हवाच असेल, किंवा संशोधनाची माहिती समजावून सांगायची असेल, तर एआय आवाज पुरेसा आहे. माहितीचे व्हिडिओ मी अजूनही तसेच करतो. माणसाचा स्वतःचा अनुभव असेल आणि तो बोलायला तयार असेल, तर महिन्याला एकच व्हिडिओ निघाला तरी चालेल, त्याचाच आवाज घ्या असं मला वाटतं.

राहिला तो माणूस, ज्याला सांगायचं आहे पण ज्याचा आवाज बाहेर जाऊन चालणार नाही. त्याच्यासाठी मी हल्ली तिसरं करतो. त्याच्याशी बोलतो, बोलणं शब्दन् शब्द उतरवतो, ‘अं’ आणि ‘म्हणजे’सकट, आणि एखाद्या नाटकात काम करणाऱ्या मित्राकडून ते वाचून घेतो. वाचणाऱ्याला मूळ रेकॉर्डिंग एकदा ऐकवतो, सांगणाऱ्याने होकार दिला असेल तरच. सुरुवातीला पडद्यावर लिहितो की आवाज दुसऱ्याचा आहे, शब्द मूळ माणसाचे आहेत. त्या बाईंचा व्हिडिओही शेवटी असाच झाला. वाचणारीने ‘पण…’ वर थांबून तोंड उघडलं, काहीच बोलली नाही आणि पान उलटलं. पान उलटल्याचा आवाज तेवढा मी कापला.