'जातलें' की 'मी करीन': एमएसच्या रुग्णाचा भरवसा कोणत्या प्रश्नावलीने मोजावा?

गोव्यात फोंड्याला फिजिओथेरपी करणाऱ्या एका मैत्रिणीकडे मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार) दोन-तीन रुग्ण येतात. पायातली ताकद तिला मोजता येते. पण 'हे मला जमेल' हा भरवसा वाढला की नाही, ते कशाने मोजू, असं ती विचारत होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या या कल्पनेला मराठी पाठ्यपुस्तकांत स्व-परिणामकारकता म्हणतात. हा शब्द रुग्णासमोर काढू नये, तो ऐकूनच भरवसा खचेल.

एमएससाठीच बनवलेल्यांत जुनी प्रश्नावली श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांची, १९९६ ची. प्रश्न १८, प्रत्येकाला १० ते १०० गुण. नऊ प्रश्न चालणं, पायऱ्या उतरणं अशा कामांचे, तर नऊ आजार आणि त्याचे परिणाम आवाक्यात ठेवण्याचे. दोन्ही भागांची बेरीज वेगळी ठेवता येते, हा तिचा मोठा गुण. चालताना भिंत धरणारी बाई दुसऱ्या भागात भरपूर गुण घेऊ शकते आणि थेरपिस्टला नेमकं हेच कळायला हवं असतं. अडचण पहिल्या भागात आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला पायऱ्यांबद्दल विचारलं की भरवसा कमी आणि अपंगत्वच जास्त मोजलं जातं.

एमएससाठीचीच दुसरी प्रश्नावली, २०१२ ची यूएसई-एमएस, त्या मानाने आटोपशीर. प्रश्न १२, उत्तरं ० ते ३, बेरीज ३६ पर्यंत. सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात का, हे रॅश नावाच्या सांख्यिकी पद्धतीने तपासून ती बनवली आहे. त्यामुळे एकच आकडा घेऊन सहा महिन्यांनी पुन्हा ताडून बघायचा असेल तर मी हीच घेईन. मात्र तो आकडा घसरला तर कुठे घसरला, हे रुग्णाशी बोलूनच काढावं लागतं.

रिग्बी आणि सहकाऱ्यांची २००३ ची, १४ प्रश्नांची प्रश्नावली लोकांत मिसळण्याचा आत्मविश्वासही विचारते. चतुर्थीला घर भरलेलं असताना खोलीतच बसून राहणाऱ्यांसाठी ती लक्षात ठेवावी. श्वार्झर-येरुसलेम यांची १० प्रश्नांची सर्वसाधारण प्रश्नावली कुठल्याही माणसाला चालते. एमएसचा थकवा तिला ठाऊकच नाही, म्हणून इथे ती माझ्या लेखी शेवटची.

मैत्रिणीला मी यूएसई-एमएस सुचवली. वेळ असेल त्या दिवशी जोडीला श्वार्ट्झचा दुसरा भाग.

खरी कसोटी भाषेची आहे. आपल्याकडे पेपर मराठी वाचतात आणि घरात कोंकणी बोलतात. 'जमेल का?' विचारलं की 'जातलें', म्हणजे 'होईल', म्हणून मोकळे होतात. त्यात आशा असते, देवावर भार असतो, 'मी करीन' असेलच असं नाही. म्हणून भाषांतरात 'होईल' नको, 'मी करू शकेन' हवं. मूळ लेखकांची परवानगी घेऊन एकाने मराठीत आणावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावं आणि मग दोन्ही ताडून बघावं. शेजारी बसलेल्या नवऱ्याला किंवा सुनेला मध्येच उत्तर देऊ देऊ नये. ते हमखास देतात.

आणखी एक. मे महिन्यात पेडण्याहून कदंब बसने आलेल्या माणसाच्या हाती दारातच कागद देऊ नये. अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती बळावतात, आणि त्या क्षणी भरवसाही खालीच असतो. अर्धा तास पंख्याखाली बसू द्यावं, पाणी द्यावं. पुढच्या खेपेलाही दिवसाची तीच वेळ धरावी.