अडीच फरश्यांचा पलंग आणि माझे ३,०६,००० रुपये

लहान घराचे फर्निचर करून देतो असे सांगून पैसे उकळणाऱ्यांच्या हकिकती मी अनेक वर्षे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आले आणि दर वेळी, 'शिकलीसवरलेली माणसे इतकी कशी फसतात', असे मनातल्या मनात म्हणत आले. आता तेच वाक्य मला माहेरचे, सासरचे आणि कार्यालयातले लोक ऐकवतात. माझे एकूण ३,०६,००० रुपये गेले. त्यांपैकी २,३६,००० रुपये बँकेतून दिले आणि ७०,००० रुपये रोख, पावतीशिवाय. 'पावतीशिवाय' हा शब्द लिहिताना आजही मान खाली जाते, कारण मी हिशेब विभागात काम करते आणि इतरांच्या बिलांतल्या दहा-दहा रुपयांच्या चुका काढण्याचाच मला पगार मिळतो.

घर एका बेडरूमचे, ४१० चौरस फूट चटई क्षेत्राचे. आम्ही दोघे, मुलगा आणि गेल्या वर्षी कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई अशी चार माणसे त्यात राहतो. त्यांच्या गाद्या, ट्रंक आणि पितळेची भांडी आल्यावर पोटमाळा भरला, मग पलंगाखालची जागा भरली आणि शेवटी दिवाणखान्यातून बाल्कनीत जायचे तर अंग तिरपे करून जावे लागू लागले. अशा घरात राहणाऱ्यांना भिंतभर कपाट, उचलता येणारा हायड्रॉलिक पलंग आणि घडीचे टेबल यांची स्वप्ने पडतात. ती पडली म्हणून मी मूर्ख ठरत नाही, एवढे मला आधी नोंदवू द्यावे.

मी तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली होती: २,९५,०००, ३,४०,००० आणि ४,१०,००० रुपयांची. सर्वांत स्वस्त तो फसवणार आणि सर्वांत महाग तो लुटणार, असा हिशेब करून मी मधला निवडला. मधला निवडणारी माणसे स्वतःला सावध समजतात, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असावे.

तो आला, लेझरच्या यंत्राने भिंती मोजल्या, टॅबलेटवर काहीतरी टिपले आणि पाऊण तासात गेला. तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरात काय काय ठेवायचंय ते त्यानं विचारलंच नाही. एकदाही कपाट उघडून पाहिलं नाही." मी त्यांना सांगितले की आता सगळे संगणकावर करतात. हे वाक्य मी किती तोऱ्यात उच्चारले होते, ते त्या सुदैवाने पुन्हा बोलून दाखवत नाहीत. ज्याला तुमच्या साड्या किती, गाद्या किती, लांब दांड्याची केरसुणी कुठे उभी राहणार, हे जाणून घ्यायचे नसते, तो तुमच्या घराचे नियोजन करत नसतो. तो चित्र विकत असतो.

चार दिवसांनी ते चित्र आले. आमचीच खोली, आमच्याच खिडकीसह, पण ऐसपैस. एका भिंतीला छतापर्यंत कपाट, समोरच्या भिंतीला पलंग आणि मधून एक माणूस हात हलवत सहज जाईल इतकी वाट. ते पाहून मला खरोखर भरून आले. तरीही मी विचारले, हे लिहून ठेवते, की "पलंग जरा आखूड दिसतोय का?" तो हसला आणि म्हणाला, "ताई, तो कॅमेऱ्याचा अँगल आहे." मी गप्प बसले.

नेमकी हीच ती वेळ होती. पुढे जे घडले ते सगळे या एका गप्प बसण्याच्या पोटातून निघाले. त्या चित्रात जमिनीवर आमच्याच दोन फुटी फरश्या रेखाटलेल्या होत्या. त्या मोजायला अर्धे मिनिट लागले असते. मी त्या मोजल्या पाच महिन्यांनी, रात्री दोन वाजता, झोप येत नव्हती म्हणून. चित्रातला पलंग लांबीला अडीच फरश्यांचा होता, म्हणजे पाच फुटांचा. खऱ्या गादीची लांबी साडेसहा फुटांपर्यंत असते. आमची खोली त्या दिशेने दहा फूट आहे. कपाट पुढून मागे दोन फूट, पलंग उशाच्या फळीसह पावणेसात फूट. उरतो सव्वा फूट. आणि कपाटाचे एकेक दार दीड फूट रुंद ठरले होते. दीड फुटाचे दार सव्वा फुटाच्या जागेत पूर्ण उघडत नाही, हे कळायला शिक्षण लागत नाही, मोजपट्टी लागते. ज्यांना चित्र दाखवले जाईल त्यांनी त्याच दिवशी जमिनीवर खडूने पलंग आखावा, कपाट आखावे, वर्तमानपत्राचा कागद दाराएवढा कापून तो फिरवून पाहावा आणि मग हवे तितके भरून येऊ द्यावे.

पैशांचा क्रम असा होता. २५,००० रुपये नोंदणीला दिले, कारण महिनाअखेरीनंतर दर वाढणार होते. करारावर सही करताना १,११,००० दिले, म्हणजे ४० टक्के पूर्ण झाले. माल घरी पोहोचल्यावर ५० टक्के, म्हणजे १,७०,००० आणि काम संपल्यावर उरलेले ३४,००० द्यायचे होते. हिशेबनीस असूनही मला यातली मेख दिसली नाही: कामाला हात लागण्यापूर्वीच ९० टक्के रक्कम त्याच्याकडे जाणार होती आणि माझ्या हाती दबाव टाकायला ३४,००० रुपयेच उरणार होते. हप्ता माल आल्याला देऊ नये, काम उभे राहिल्याला द्यावा. सांगाडा उभा राहिला की एक, दारे बसली की दुसरा.

करारात प्लायवूडच्या रकान्यात '१८ मिमी, आयएस ७१० किंवा समतुल्य' असे होते. आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे मानक. त्याचे थर चिकटवणारा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. घरात सर्रास वापरले जाणारे साधे प्लायवूड आयएस ३०३ खाली येते. हे मी आंतरजालावर वाचले होते आणि त्या वाचनाचा मला अभिमान होता, पण 'किंवा समतुल्य' हे दोन शब्द मी वाचूनही वाचले नाहीत. हे शब्द दिसले तर खोडायला लावावेत, आणि खोडणार नाही म्हटले तर उठावे.

ठरल्या दिवशी टेम्पोतून आठ बाय चारच्या अकरा शीट आल्या. प्रत्येकीवर शिक्का होता, मानकाचा क्रमांक होता, परवान्याचा क्रमांकही होता. मी फोटो काढले. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून तपासता येतो हेही मला ठाऊक होते, आणि मी तपासला. माल अस्सल होता. मग मी १,७०,००० रुपये दिले. त्यातले १,००,००० बँकेतून आणि ७०,००० रोख, कारण 'तेवढ्यावरचा जीएसटी तुम्हालाच वाचेल'. बँकेतले पैसेही संस्थेच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. मी लोभापायी केले असे कोणाला म्हणायचे असेल तर म्हणावे. तीन लाखांच्या खर्चाखाली दबलेल्या माणसाला बारा-तेरा हजार वाचवावेसे वाटतात, आणि हेच ओळखून ते वाक्य त्या क्षणासाठी राखून ठेवलेले असते.

दुसऱ्या दिवशी त्या अकरा शीट कापायला कारखान्यात नेल्या. जाताना त्यांनी आमचे जुने लोखंडी कपाटही नेले, ४,५०० रुपये वजा करू म्हणून. नऊ दिवसांनी तयार कापलेल्या फळ्या आल्या, दोन्ही बाजूंना लॅमिनेट आणि चारही कडांना एज बँडची पट्टी चिकटवलेली, त्यामुळे आत काय आहे ते दिसण्याची सोयच नव्हती. दोन कामगारांनी दोन दिवसांत कपाटाचा सांगाडा आणि पलंगाचा खोका उभा केला. तिसऱ्या दिवशी बिजागरीसाठी एकाने ड्रिल लावले आणि भोकातून लाकडाचे वेटोळे निघण्याऐवजी भरडलेल्या कोंड्यासारखी भुकटी खाली पडली. मी चहा घेऊन उभी होते. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. भोकाची कड पाहिली तर ते थर मोजता येतात. इथे थर नव्हते, नुसता दाबलेला भुसा होता, म्हणजे प्रीलॅम, आधीच लॅमिनेट चढवलेला पार्टिकल बोर्ड. कापून उरलेला तळहाताएवढा तुकडा मी रात्रभर बादलीत टाकला. सकाळी १८ मिमीचा तो तुकडा टोस्टासारखा फुगला होता आणि बोटाने दाबताच त्याची कड सुटून आली.

फोनवर त्याने पहिल्यांदा "समतुल्यच आहे" असे सांगितले, नंतर कारखान्याची चूक म्हणाला, मग आजारी पडला, आणि तीन आठवड्यांनी क्रमांक बंद झाला. दारे आली नाहीत, हायड्रॉलिक आले नाही, घडीचे टेबल आलेच नाही. तेवीस खोक्यांत भरलेला संसार दिवाणखान्यात आणि सासूबाई त्या खोक्यांच्या शेजारी अंथरूण घालून, असे आम्ही चार महिने काढले. नंतर बोलावलेल्या सुताराने झालेल्या कामाची किंमत फार तर ६२,००० रुपये सांगितली.

आता दाद मागण्याविषयी. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितले की प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे. दुसऱ्या दिवशी ज्यांना भेटायचे ते बंदोबस्ताला गेले होते. तिसऱ्या खेपेस एका अधिकाऱ्यांनी माझे फोटो पाहून विचारले, "कपाट उभं आहे ना मॅडम? मग फसवणूक कशी?" काम अर्धवट राहणे आणि सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू असणे यांत कायदा फरक करतो हे मला मान्य आहे. पण शिक्क्याच्या अकरा शीट दाखवून पैसे घ्यायचे, दुसऱ्याच दिवशी त्या उचलायच्या आणि भुशाच्या फळ्या आणून लावायच्या, याला हेतू म्हणायचे नाही तर आणखी कशाला म्हणायचे? भारतीय न्याय संहितेतले ३१८ वे कलम फसवणुकीसाठीच आहे, असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" माझा अर्ज घेतला, पोच मात्र दिली नाही. पोचेसाठी मी आणखी दोन रजा टाकल्या.

ग्राहकांच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली तेव्हा ती विक्रेत्याकडे पाठवण्यात आली. विक्रेत्याने उत्तर दिले नाही, आणि त्याने उत्तर दिले नाही हेच कारण देऊन ती बंद करण्यात आली. चोराला पत्र लिहायचे आणि चोर बोलत नाही म्हणून फाईल मिटवायची, ही पद्धत ज्यांनी बसवली त्यांच्या घरी एकदा तरी सुतार यावा. बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत. कराराच्या पत्त्यावर मी स्वतः गेले. तिथे शिवणक्लास होता.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत मात्र दोनच वर्षांची आहे, म्हणून 'आज येतो, उद्या येतो' यात दिवस घालवू नयेत. त्याच कायद्यात नोटीस पोहोचल्यापासून तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे आहे. माझी नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आली, त्यामुळे ते तीन महिने मोजायला अजून सुरुवातच झालेली नाही. आणि रोख दिलेल्या ७०,००० रुपयांचा पुरावा विचारला तेव्हा माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. किमान 'मिळाले' एवढा एक संदेश मागून घेतला असता तरी चालले असते. फोनवर बोलणे झाले की लगेच तेच लिहून पाठवावे; तो उत्तर देवो न देवो, तारीख राहते. आणि बादलीतला तो फुगलेला तुकडा फेकू नये. मी तो वाळवून, तारीख लिहून पिशवीत ठेवला आहे.

गेल्या महिन्यात कार्यालयातल्या एका मैत्रिणीने मला कौतुकाने एक चित्र पाठवले. तिच्या बेडरूमचे, तिच्याच खिडकीसह. संस्थेचे नाव वेगळे होते, पडद्यांचा रंग वेगळा होता, २५,००० रुपये भरायची शेवटची तारीख त्याच शनिवारी होती. पलंग कुठला ते मी पाहताक्षणी ओळखले. "छान आहे ना गं?" असे तिने खाली लिहिले होते. मी तिला फक्त फरश्या मोजायला सांगितल्या.